दाखल्याप्रमाणे

सर गेले त्या दिवशी कॉलेजच्या दारातल्या फळ्यावर श्रद्धांजली मी लिहिली. माझं अक्षर बरं आहे म्हणून असली कामं माझ्याकडे येतात. सत्कार असो की शोक, खडू माझ्याच हातात देतात. नाव लिहिलं आणि त्याखाली लिहिलं, 'जन्म १ जून (दाखल्याप्रमाणे)'. प्राचार्यांनी चष्मा वर सरकवून फळा वाचला. म्हणाले, "मॅडम, श्रद्धांजलीत कंस बरा दिसत नाही." मी म्हटलं, "सरांनी कंसाशिवाय आपली तारीख कधी सांगितली नाही." त्यांनी शिपायाला कंस पुसायला सांगितलं, त्यानं पुसला. जेवणाच्या सुट्टीत मी तो पुन्हा लिहिला. मग कुणी पुसला नाही. नेमानं पुसत बसण्याइतका वेळ आमच्या कॉलेजात फक्त सरांना असायचा.

हे दाखल्याचं प्रकरण आधी सांगून टाकते. आमच्याकडे एका पिढीतल्या अर्ध्याअधिक लोकांचा जन्म एक जूनचा आहे. शाळेत नाव घालायला बाप यायचा, गुरुजी विचारायचे कधीचा आहे, बाप म्हणायचा असंल पाच-सहा वर्षांचा, आणि गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. सरही त्यातलेच. एक जूनला स्टाफरूममध्ये कुणी हात पुढे केला की ते हात मागे घेत. "माह्या दाखल्याले द्या शुभेच्छा. दाखल्याप्रमाने आज हाये. मी सोता पोळ्याच्या आदल्या दिवशीचा." आणि पुढच्याच क्षणी स्वतःला अडवत, "म्हंजे, असं माय म्हने. तिच्यापाशी कागद नवता." दरवर्षी हेच, याच शब्दांत. नवीन आलेल्यांना गंमत वाटायची, आम्ही जुने लोक चहात बिस्कीट बुडवत ऐकायचो.

सर मेहकरच्या आमच्या कॉलेजात ग्रंथपाल होते आणि मी त्यांच्या हाताखाली सहायक. सुलतानपूरहून सकाळच्या एसटीनं यायची, संध्याकाळच्या एसटीनं जायची. गावात त्यांचं खरं नाव घेऊन घर विचारलं तर लोक विचारात पडत. 'कोन म्हणते सर' म्हटलं की लगेच बोट करून दाखवत. कारण त्यांना काहीही सांगा, पहिला प्रश्न तोच. यंदा पाऊस चांगला आहे म्हणतात. कोन म्हणते? अमक्याच्या पोरीचं अकोल्याला जमलं. कोन म्हणते? एकदा भाजीवालीनं मेथी 'आत्ताच वावरातून आणली' असं सांगितलं, तर सरांनी कुणाचं वावर ते विचारून घेतलं आणि पुढच्या बाजाराला त्या माणसाला गाठून खात्री केली. मेथी खरंच त्याची होती. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी त्या बाईकडून गरज नसताना दोन जुड्या घेतल्या आणि एक मला दिली. खोटं पकडल्याचा आनंद त्यांना झालेला मी कधी पाहिला नाही; खरं निघाल्याचा व्हायचा. हा फरक लोकांच्या लक्षात आला नाही. त्यांना वाटायचं म्हातारा संशयी आहे.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका प्राध्यापकांनी जिल्ह्याचा एक जुना ग्रंथ मागितला. मी रजिस्टर पाहून सांगितलं, तो हरवलाय.

"कोन म्हणते?" सर आतून.

"रजिस्टरात शेरा आहे, सर."

"शेरा कोनं मारला?"

"आधीच्या कुणीतरी."

"त्यानं कपाटामांगं पाह्यलं होतं काय?"

मी कपाट ओढलं. ग्रंथ मागे पडलेला होता, वर पालीची अंडी. सर स्वतः फडकं घेऊन पुसायला बसले आणि पुसता पुसता बोलले ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. "हे पाय पोरी. ऐकलेलं सांगू नको, पाह्यलेलं सांग. अन् पाह्यलेलं बी असं लिहून ठेव का उद्या तू नसली तरी तिसऱ्याले दाखवता आलं पाह्यजे." वही पाहून ते म्हणाले, "खाली तारीक टाक."

ग्रंथालयातल्या पुस्तकांत आजही त्यांच्या चिठ्ठ्या सापडतात. बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. एका प्रवासवर्णनात आहे, 'पान ४७, ओळ तिसरी. नदी येथे पूर्वेस वाहत नाही. मी पुलावर उभा राहून पाहिले.' त्याखाली एक रेघ आणि रेघेखाली, 'परंतु छापील आधार मिळालेला नाही. तोवर लेखकाचे म्हणणे कायम.' असा माणूस. नदी डोळ्यांनी पाहिली, तरी लेखकाला बाजूला सारायचं नाही. मला ही चिठ्ठी तेव्हा विनोदी वाटली होती आणि मी ती चारचौघांत वाचूनही दाखवली होती.

निवृत्त झाल्यावरही सर साडेदहाला यायचे. वर्तमानपत्रांच्या स्टँडजवळची खुर्ची त्यांची. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पुण्याला. घरी बसून करणार काय? त्याच सुमारास पुण्याहून काही तरुण मंडळी कॉलेजात आली, इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशाची कार्यशाळा घ्यायला. ज्याला यायचं त्यानं यावं, लेख लिहावा, दुसऱ्याचा दुरुस्त करावा, पैसा ना पगार. अट एकच. लिहिलेल्या गोष्टीला कुठेतरी छापून आलेला आधार पाहिजे. नसला तर त्या वाक्यापुढे कुणीही 'संदर्भ हवा' असे दोन शब्द चिकटवू शकतो. ते शब्द पडद्यावर दिसले तसे पहिल्या रांगेतले सर उठून उभेच राहिले. मागच्यांना दिसेना. "पाय," ते वळून मला म्हणाले, "साऱ्या दुनियेनं माहाच सवाल घेतला!"

पुढचे काही दिवस मेहकरात धमाल होती. चौकात एका पुढाऱ्याचा फ्लेक्स लागला होता, नावाच्या आधी 'विकासपुरुष'. सकाळी पाहावं तर त्या शब्दाच्या कडेला खळीनं चिकटवलेली चिठ्ठी, 'संदर्भ हवा'. अक्षर उजवीकडे कललेलं, म्हणजे शोधाशोध करायची गरजच नाही. तीन कार्यकर्ते तावातावानं सरांच्या घरी गेले. सरांनी त्यांना बसवलं, चहा दिला, कागद-पेन पुढे ठेवलं आणि कामांची यादी मागितली. कोणतं काम, कुठे झालं, कुठे छापून आलं. दोघं जण खरंच लिहायला बसले. तिसरा थोड्या वेळानं म्हणाला, "जाऊ द्या सर, फ्लेक्स परवा उतरूनच राह्यला."

पण त्या ज्ञानकोशाचं खरं वेड लागलं ते मला. माझं लग्नाचं जमत नव्हतं, ग्रंथालयात मुलं फिरकत नव्हती आणि इथे माझ्या शब्दाला किंमत होती. वर्षभरात मी बुलढाणा जिल्ह्यातल्या गावांचे लेख सांभाळायला लागले आणि दुसऱ्यांची संपादनं, म्हणजे त्यांनी केलेले बदल, एका क्लिकसरशी उलटवण्याचा अधिकार मला मिळाला. कुणी 'पंचक्रोशीत प्रसिद्ध' लिहिलं की उडव. 'जागृत देवस्थान' लिहिलं की उडव. जळगाव जामोदच्या एका गृहस्थांनी आपल्या आजोबांवर मोठा लेख लिहिला होता, पाटीपासून पागोट्यापर्यंत सगळं. तो मी एका दुपारी अख्खा काढला. सर मान डोलवायचे. "बराबर केलं."

एक खरी गोष्ट सांगते, ती आजवर कुणाला सांगितलेली नाही. मी इतकी कडक होते ती काही सत्याच्या प्रेमानं नव्हे. महिन्यातून एकदा आम्हा संपादकांची ऑनलाइन बैठक व्हायची. एकदा बोलण्याच्या ओघात माझ्या तोंडून 'करून राह्यले' असं गेलं आणि पडद्यावरचे दोन पुणेकर चेहरे हसले. वाईट नाही हसले, पण हसले. त्याच बैठकीत एक जण म्हणाला, तिकडचे लेख म्हणजे सगळा ऐकीव मामला असतो. त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या जिल्ह्याबद्दल हे वाक्य पुन्हा कुणाला बोलता येऊ नये.

आता मोहखेडीकडे येते. हिवरा आश्रमच्या वाटेवर एका फाट्यावर उतरून आत तीनेक किलोमीटर चालायचं. सरांचं मूळ गाव. धरणात शेतं गेली तेव्हा सगळं गाव उठवून फाट्यावर वसवलं; घरांना प्लॉट दिले, रेशनकार्डं तिकडची झाली, मतदान तिकडे गेलं. जुन्या जागी राहिली ती सरांची थोरली बहीण, आक्का. नवरा नाही, मूल नाही, टेकाडावर घर आणि घरामागे चार एकर, जे पाण्यातून वाचलं. सर दर रविवारी तिच्याकडे जात. एका रविवारी मलाही नेलं.

आक्कानं ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी वाढली. भाकर थापताना बांगड्या वाजत होत्या आणि त्याखेरीज त्या टेकाडावर कसलाच आवाज नव्हता. मी विचारलं, एकट्या कशा राहता?

"गाव उठलं तवा मले बी म्हने, चाल. मी म्हनलं, पानी माह्या उंबऱ्याले लागलं का येतो." तिनं भाकर तव्यावर टाकली. "पानी काई लागलं नाई."

सर हसले. हसताना ते एकदम लहान भाऊ दिसले. कॉलेजात कधी तसे दिसले नव्हते. मी दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी आक्कानं फडक्यात बांधून दिली, ती मी एसटीत खाल्ली. हे इतकं बारकाईनं लिहिते आहे, कारण पुढे जे मी केलं ते या तीन भाकरींनंतर केलं.

ज्ञानकोशात मोहखेडीचा लेख होता, चार ओळींचा. कुणीतरी सरकारी यादीवरून जिल्ह्यातल्या सगळ्या गावांची पानं एका दमात तयार केली होती, त्यातलं ते एक. त्यात लिहिलं होतं, 'हे गाव बेचिराख असून लोकसंख्या ० आहे.' बेचिराख हा महसूल खात्याचा शब्द. आग लागून जळालेलं असा त्याचा अर्थ नाही. चिराग म्हणजे दिवा, जिथे संध्याकाळी दिवा लागत नाही ते गाव. यादीत गावाच्या नावापुढे तसंच छापलेलं होतं, तेव्हा संदर्भ पक्का.

एका सोमवारी त्या शून्याचा एक झालेला मला दिसला. संदर्भाच्या जागी लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष'. संपादन सरांचं. मी उलटवलं आणि कारण लिहिलं, 'संदर्भ हवा'. मंगळवारी पुन्हा एक. मी पुन्हा शून्य केलं. बुधवारी पुन्हा. तीनदा त्यांनी शून्याचा एक केला आणि तीनदा मी एकाचं शून्य, आणि या तिन्ही दिवशी दुपारी चारला सर टपरीवरून आणलेला चहा नेहमीसारखा माझ्या टेबलावर ठेवून गेले. तोंडानं एक शब्द नाही. त्यांच्या लेखी ज्ञानकोशाचं भांडण ज्ञानकोशातच झालं पाहिजे होतं.

प्रत्येक लेखामागे वाद घालायला एक चर्चापान असतं, चौथ्या दिवशी त्यावर त्यांचा मजकूर आला. मी माझ्या टेबलाशी, ते पंधरा फुटांवर वर्तमानपत्रांच्या स्टँडपाशी.

'माननीय सदस्य, सदर गावी एक स्त्री वास्तव्यास आहे. आपण तिच्या हातची भाकर खाल्लेली आहे. तरीही शून्य कायम ठेवण्याचे कारण कळावे.'

मी उत्तर लिहिलं, 'वैयक्तिक अनुभव संदर्भ म्हणून ग्राह्य नाही. कृपया धोरण वाचावे.'

समोर सरांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. बोटानं एकेक अक्षर शोधत बराच वेळ काहीतरी लिहीत राहिले. मग माझ्या पडद्यावर उमटलं, 'धोरण वाचले. मान्य आहे. शोध सुरू ठेवतो.'

मला त्या वेळी अभिमान वाटला होता. गुरूलाही नियम लावला, भीड ठेवली नाही, पुण्याचे लोक पाहत असतील. आज ते पान उघडलं की माझंच उत्तर मला वाचवत नाही.

मग सरांचा शोध सुरू झाला आणि त्याचा अहवाल चर्चापानावर येत गेला, तारखेनिशी. फाट्यावरच्या सरपंचांकडे ते रहिवासी दाखला मागायला गेले. सरपंच म्हणाले, "सर, गावच कागदावर नाई, त त्या गावचा रयवासी दाखला कोनत्या शिक्क्यानं देऊ?" रेशनकार्ड पाहिलं, त्यावर नव्या वस्तीचा पत्ता. मतदारयादीत तेच. विजेचं बिल दाखवावं तर खांब गावासोबतच काढून नेलेले. आक्का दारात उभी आहे असा फोटो त्यांनी चढवला. त्यावर पुण्याच्या एका संपादकानं लिहिलं, 'छायाचित्रावरून निवास सिद्ध होत नाही.' मी खाली लिहिलं, 'सहमत.' शेवटी ते जिल्ह्याच्या एका वर्तमानपत्राच्या वार्ताहराकडे गेले आणि म्हणाले, चार ओळी छापा, एवढं पुरे. वार्ताहर माणूस चांगला, सरांचाच विद्यार्थी. तो म्हणाला, "एक बाई एकटी राह्यते, यात बातमी काय हाये सर? काई घडलं त सांगजा, लगेच लावतो."

हेही सरांनी जसंच्या तसं चर्चापानावर लिहिलं, अवतरणचिन्हांसकट. अशा प्रत्येक अहवालाखाली मी दोन शब्द टाकायचे, 'नोंद घेतली.'

या सगळ्यामागे काय होतं ते मला आक्काकडून कळलं. डोळे दाखवायला सर तिला मेहकरला घेऊन आले होते. दवाखान्यात नंबर लागायला वेळ होता म्हणून तिला ग्रंथालयात आणून बसवलं आणि सर केसपेपर काढायला गेले. आक्कानं पिशवीतून आंबाडीची जुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली, रजिस्टरवरच.

"तूच हायेस ना ते लिवनारी?"

मी हो म्हटलं.

"दिवायीले भाची आलती. तिनं मोबाइलात वाचून दाखोलं, आत्या, तू त नाईच म्हने इथं, गाव बेचिराख हाये. मी म्हनलं, कोनं आग लावून जायलं व गाव? तं थे म्हने, जायलं नाई, दिवा नाई. आता मी काय अंधारात भाकर थापतो काय?" ती हसली, मग हसू गेलं. "त्याले मी बोलली, तू एवढा लायबरीचा सायब, अन् बहिनीचा एक मांडता येत नाई तुले? त्यानं कबूल केलं, पुढच्या दिवायीच्या आत तुहा एक करतो. थे त म्हातारं पायपाय फिरून राह्यलं. तुह्या हातात हाये ना बाई? टाक ना करून माहा एक. तुले काय लागते त्यात?"

मी तिला नियम समजावून सांगितला. खरंच सांगितला, अगदी सोपा करून. छापलेलं पाहिजे, नुसतं पाहिलेलं चालत नाही, मी तुम्हाला सूट दिली तर उद्या कुणीही काहीही लिहील. ती माझ्या तोंडाकडे पाहत ऐकत राहिली.

"बरं बाई," ती म्हणाली. "नेम हाये त हाये. त्याचा बी असाच नेम असते."

सर आले आणि तिला हाताला धरून घेऊन गेले. आंबाडी मी घरी नेली, भाजी केली. शून्य तसंच ठेवलं.

दिवाळी त्या वर्षी उशिरा होती. दिवाळीच्या आधीच सर पाच दिवस आले नाहीत. वर्तमानपत्रं मीच स्टँडला लावली, पण वाचली नाहीत. मला वाचायची सवयच नव्हती, ते काम सरांचं. सहाव्या दिवशी साडेदहाला सर दारात उभे राहिले. दाढी वाढलेली, पण सदरा इस्त्रीचा. खुर्चीकडे न जाता सरळ माझ्या टेबलाशी आले आणि एक कार्ड ठेवलं. मला शिकवलं होतं अगदी तसं केलेलं, कात्रण मधोमध चिकटवलेलं, खाली वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान चार, रकाना पाच.

"घे," सर म्हणाले. "संदर्भ. छापील हाये."

मी वाचलं. मोहखेडी येथील रहिवासी, मग आक्काचं नाव, जे मी तोवर कधी विचारलंही नव्हतं. वृद्धापकाळाने राहत्या घरी निधन. पश्चात भाऊ व भाची. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मोहखेडी येथेच होईल. वार्ताहरानं शब्द पाळला होता, काही घडल्यावर लगेच लावलं होतं.

मी लेख उघडला. शून्यावर आले, ते खोडलं, एक टाकला.

"काय करून राह्यली?"

"एक करते, सर. आता संदर्भ आहे."

"कोन म्हणते एक?"

मी वर पाहिलं. सरांच्या आवाजात राग नव्हता. मेथीची चौकशी करतानाचा, कपाटामागचं पुस्तक विचारतानाचा, तोच आवाज होता.

"आता शून्यच बराबर हाये," ते म्हणाले. "सरक."

मी उठले. सर माझ्या खुर्चीत बसले, एक खोडून शून्य टाकलं आणि एका बोटानं कात्रणाचा तपशील त्या शून्यापुढे जोडला. बदलाचं कारण लिहायची चौकट येते, त्यात लिहिलं, 'संदर्भ जोडला. पूर्वीच्या सदस्यांचा आकडा बरोबर आहे, बदलू नये.' मग ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि मागच्या पाच दिवसांची वर्तमानपत्रं तारखेनं लावून घेतली. चारला चहा आणला. माझा कप टेबलावर ठेवताना नेहमीसारखी खाली जुनी चिठ्ठी ठेवली, डाग पडू नये म्हणून.

त्यानंतर सर दोन वर्षं होते. ज्ञानकोशात त्यांनी पुन्हा काही लिहिलं नाही, मला कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. रविवारी ते मोहखेडीला जातच राहिले. घर कुलूपबंद, वावर बटईनं दिलेलं, तिथे जाऊन काय करता असं एकदा धीर करून विचारलं तर म्हणाले, "पायतो." मी माफी मागायची ठरवून कितीदा तरी त्यांच्या खुर्चीपर्यंत गेले आणि वर्तमानपत्र घेऊन परत आले. ते मला एकदा जरी रागावले असते तर मला रडता आलं असतं. पण ते रागावणार कसे? मी त्यांचाच नियम पाळला होता, आणि तो त्यांनी मला कपाट ओढायला लावून शिकवला होता. माझा नियम खरा होता, धोरण खरं होतं, यादीही तिच्यापुरती खरी होती. एक म्हातारी बाई तेवढी त्यात कुठे बसत नव्हती आणि तिच्यासाठी जागा करणं माझं काम होतं, असं मला वाटलंच नाही.

सर गेले त्या दिवशी फळ्यावर मी 'जन्म १ जून' लिहिलं आणि सवयीनं पुढे कंस केला. 'दाखल्याप्रमाणे' हा शब्द पुरा झाला आणि खडू तसाच हातात राहिला. दरवर्षी सर हेच तर करत होते. दाखल्याला खोटं म्हणत नव्हते. त्याच्याविरुद्ध त्यांच्यापाशी कागद नव्हता. पण तो एक शब्द जोडून तारीख दाखल्याची दाखल्याला देऊन टाकत होते, आणि आईच्या पोळ्याला बाजूला उभं राहायला जागा ठेवत होते.

त्या संध्याकाळी मी एसटी सोडून दिली, ग्रंथालयात थांबले आणि मोहखेडीचा लेख उघडला. 'हे गाव बेचिराख असून' याच्या आधी दोन शब्द घातले, 'शासकीय यादीप्रमाणे'. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. कुणाची परवानगी लागली नाही, धोरणाला धक्का लागला नाही, पुण्याच्याही कुणी ते आजवर उलटवलेलं नाही. ती असताना हे केलं असतं, तर आक्काचा एक त्यानं झाला नसता; पण ते शून्य यादीचं ठरलं असतं, तिचं नाही. दिवाळीच्या आत सरांना ते तिला वाचून दाखवता आलं असतं.

सर मला तो शब्द दर एक जूनला शिकवत होते. मी चहात बिस्कीट बुडवत बसले होते.